विहिरीत सोडलेले डबे

घराबाहेर पडताना गिसाबुरोने बायकोला बजावलं, "तोमे, आज देवघरात दिवा नाही, उदबत्ती नाही. एक ठिणगी पडली तरी फिल्म भडकेल. संध्याकाळी थिएटरवाले नेतील, तोवर जप."

तो सिनेमे काढायचा. क्योतोत तेव्हा असे खटाटोप करणारे थोडेच होते. नव्या सिनेमाची ही एकुलती एक प्रत, आणि भर उन्हाळ्यात घरातली गार जागा म्हणजे देवघराखालचं कपाट. प्रतीचे डबे तिथेच ठेवले होते.

पण वर्षातून एकदा पितर घरी येतात, तो दिवस आजच! गेल्या हिवाळ्यात वारलेल्या त्यांच्या मुलाचं, शिन्किचीचं, हे पहिलंच येणं. अंधाराला भिणारं लेकरू. दिव्याशिवाय त्याला घर कसं सापडायचं? तोमेचा जीव वरखाली होऊ लागला. डबे हलवावेत, तर माडी तापलेली आणि स्वयंपाकघरात चूल.

"अगं, कलिंगड सोडतेस तसे विहिरीत सोड की!" शेजारीण ओहिसा कुंपणावरून म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या सिनेमातले सामुराई बुडून थोडेच मरतात? तलवारीशिवाय मरायचं ठाऊकच नाही त्यांना!"

तोमेला हसू आलं नाही. तिने तिन्ही डबे तेलकागदात गुंडाळले, जाळीत घालून पाण्याच्या वर टांगले. मग हात जोडून दिवा लावला. तरी पावलं सारखी विहिरीकडे वळत होती.

गिसाबुरो लवकरच आला. दिवा पाहून त्याचा चेहरा पडला.

"डबे कुठायत?"

"अहो... विहिरीत."

तो धावला. जाळी वर आली ती ठिबकतच. दोर ताणून खालचा डबा पाण्याला टेकला होता.

"नेमकं शेवटचंच रीळ," तो पुटपुटला. "आता लगेच सोडवून वाळवलं नाही, तर चिकटून बसेल."

तोमेने खाली मान घालून विचारलं, "दिवा मालवू?"

तो देवघराकडे पाहत राहिला. "नको. त्याला येऊ दे. मी अंगणात वाळवतो. फक्त पितरांना वाट दाखवायला दारात जाळ करतात, तो करू नकोस."

कपड्यांच्या बांबूंवर ओली फिल्म लोंबू लागली. तोमेने दार सताड उघडलं आणि ती दिव्याशी बसली. वाऱ्याची झुळूक आली, की ज्योतीला हाताचा आडोसा करी. दारात जाळ नाही. एवढासा उजेड रस्त्यापर्यंत पोचेल ना? तिकडे अंगणात गिसाबुरो वाकून फिल्मला बोट लावून बघत होता.

"वाळली का हो?"

"अजून नाही. तो आला का गं?"