मामांचं नाक आणि मामींचा कोट

लाँड्रीतल्या मामांचं नाक आधी दुकानात शिरायचं, मग मामा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या नाकावर संसार केला. कपडा आला की आधी वास, मग बोटावर गार पाण्याचा एक थेंब घेऊन डागाला गोंजारणं, आणि मगच निदान. "वकीलसाहेब, रस्सा आहे. तोही डॉक्टरांनी बंद केलेला." वकीलसाहेब खाली मान घालून पावती घ्यायचे.

मग मालकीणबाईंनी यंत्र आणलं. कपडा त्याच्या कॅमेऱ्याखाली धरायचा, की ते डागाचं नाव आणि उपाय सांगायचं.

"याला सर्दी झाली तर काय करणार?" मामांनी विचारलं.

"त्याला सर्दी होत नाही मामा, म्हणून तर आणलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

पहिला आठवडा मामांनी यंत्राकडे सवतीसारखं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की परक्या माणसांच्या बगला हुंगणं ही काही ईश्वरसेवा नव्हे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खुर्चीला उशी बांधून घेतली. सहा महिन्यांत नाकाकडे चष्मा धरण्याखेरीज काही काम उरलं नाही. घरी दूध करपून धूर झाला तरी मामा शांतपणे पेपर वाचत बसले. मामींना वाटलं, नवरा विरक्त झाला.

एका गुरुवारी मामी स्वतःच दुकानात आल्या. हातात मोतिया रंगाचा सुती कोट. थोरल्या बहिणीने दिलेला, आणि रविवारी तिच्याचकडे घालून जायचा होता. बाहीवर तपकिरी डाग.

मामांनी बसल्या जागेवरून कोट यंत्राखाली सरकवला.

"चहा. खात्री ब्याण्णव टक्के. गरम पाणी वापरा."

"अहो, पण जरा हुंगून तरी बघा."

"अगं, ब्याण्णव टक्के! मला शाळेत एवढे कधी पडले होते का?"

आणि मामांनी बाहीवर गरम पाण्याची किटली उपडी केली.

डाग गेला नाही. उलट पाय पसरून बसला, माहेरी आल्यासारखा. तेव्हा कुठे मामा वाकले, हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. नुसता ओल्या कापडाचा वास. कोटाचं राहू द्या, नाकच गेलं होतं.

मामींनी त्यांच्या डोळ्यांसमोर उजवा अंगठा नाचवला. त्यावर हे जाडजूड बँडेज होतं.

"डब्याच्या पत्र्याने कापलं. सोमवारी! चार दिवस ही पट्टी मिरवतेय मी घरात. रक्त आहे ते, रक्त!"

रक्ताला गरम पाणी दाखवलं की ते कापडात कायमचं घर करतं, हे मामांनी अख्ख्या गावाला शिकवलं होतं. यंत्राला रक्त आणि चहा सारखेच दिसले, कारण त्याने बिचाऱ्याने मामींना पाहिलं नव्हतं. मामांनी तरी कुठे पाहिलं होतं?

रविवारी मामी तोच कोट घालून बहिणीकडे गेल्या. डागाबद्दल कुणी विचारलं की त्या शेजारी बोट दाखवायच्या, "हे आमचे हे. डागांतले तज्ज्ञ."

सोमवारपासून शिक्षा सुरू झाली. रोज सकाळी मामींनी अकरा चिंध्यांना काहीबाही फासायचं, मामांनी डोळे बांधून ओळखायचं. पाच ओळखल्याशिवाय चहा नाही. पहिल्या दिवशी मामांनी शाईला लोणी म्हटलं. चौथ्या दिवशी व्हिनेगर पकडलं आणि लहान मुलासारखे नाचले. दुकानात उशी सुटली. यंत्र अजून बोलतं, पण मामांनी हुंगून झाल्यावर.

परवा संध्याकाळी मामा घरी आले आणि दारातच थबकले. नाकपुड्या फुलल्या.

"थोरल्या ताई येऊन गेल्या. चॉकलेटचा केक होता. आणि माझ्यासाठी ठेवलेला तुकडा तू आत्ता, पाच मिनिटांपूर्वी खाल्लास."

मामींनी तोंड पुसलं.

"पाच नाही," त्या म्हणाल्या, "दहा. अजून सराव करा."