फॉरमॅट करणार नाही

"फॉरमॅट मारा आणि मोकळ्या व्हा," शेतकी अधिकारी म्हणाले.

मी की-बोर्डवरून हात काढून घेतले. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी नगरच्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. कंप्लेंट आली की पिशवीत फ्लॉप्या आणि स्क्रू-ड्रायव्हर टाकून एसटी धरायची. त्या दिवशी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात गेले होते. हंगाम तोंडावर आलेला. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती यादी छापायची होती. प्रिंट दिली की स्क्रीनवर एकच ओळ यायची : डिस्कवर जागा नाही.

सी ड्राइव्ह म्हणजे कॉम्प्युटरचं मुख्य कपाट. विंडोज, प्रोग्राम, उसाच्या नोंदी, सगळं त्यातच. हजारो नोंदी क्रमाने लावायच्या तर प्रोग्रामला मांडामांड करायला थोडी मोकळी जागा लागते. ती उरली नव्हती. फॉरमॅट म्हणजे अख्खं कपाटच रिकामं करणं.

"बॅकअप आहे का साहेब?"

"फ्लॉप्या होत्या. आता उघडत नाहीत."

"मग नोंदी जातील."

"जाऊ द्या. पुन्हा टाकू. नाहीतरी थोडा फेरबदल करायचाच आहे."

फेरबदल हा शब्द ते फार सहज बोलले. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो. तारखा पुसल्या की क्रम कुणालाही ठरवता येतो.

दारात मिरजगावकडच्या कौसाबाई उभ्या होत्या. आपला नंबर विचारायला आलेल्या.

"ताई, माजं नाव हाय ना त्यात? मागल्या साली तोड लई उशिरा आली. निम्मा ऊस वाळून गेला."

"बाहेर थांबा," साहेब म्हणाले.

"आहे नाव," मी म्हणाले. खरं तर मी अजून पाहिलंच नव्हतं.

मग साहेबांकडे वळले. "मी फॉरमॅट करणार नाही. करायचंच असेल तर तसं लिहून द्या. सही करून."

त्यांनी थेट माझ्या सरांना नगरला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तू तिथं रिपेअरला गेलीस की भांडायला?" सर म्हणाले. "कस्टमर सांगतो ते कर."

"मग सर, तुम्हीही तसा फॅक्स पाठवा. लगेच करते."

सरांनी फोन ठेवला. फॅक्स आला नाही. साहेबांनीही कागद घेतला नाही.

"चारपर्यंत यादी निघाली नाही तर मी दुसरा माणूस बोलावतो," एवढंच म्हणाले.

मला राग आला होता, आणि रागात माझं डोकं बरं चालतं. आधी नोंदी झिप करून, म्हणजे दाबून लहान करून, नव्या फ्लॉप्यांवर घेतल्या. मग एकेक डिरेक्टरी, म्हणजे कपाटातला एकेक खण, उघडत गेले. सी ड्राइव्हच्या तोंडाशीच सीएचके नावाच्या शेकडो फाइली निघाल्या. कारखान्यात यूपीएसची बॅटरी मेलेली. काम चालू असताना वीज गेली की फाइलींचे तुकडे डिस्कवर बेवारस पडतात. तपासणीचा प्रोग्राम ते गोळा करून या नावाने ठेवतो, आणि मग त्यांच्याकडे कुणी बघत नाही. पाच-सहा उघडून पाहिल्या. नुसती चिन्हं. सगळ्या उडवल्या. वर टेम्पररी फाइलींचा ढीग होता, तोही काढला.

साडेतीनला प्रिंट दिली. प्रिंटर करकरायला लागला. कौसाबाईंचं नाव पहिल्याच पानावर होतं, तेविसावं. मी वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

दोन प्रती काढल्या. एक साहेबांच्या टेबलावर ठेवली, दुसरी क्लार्कला नोटीस बोर्डावर लावायला दिली.

"बोर्डावर लावायला कुणी सांगितलं?" साहेब म्हणाले.

"शेतकरी विचारायला येतायत, साहेब. त्यांना वाचता येईल."

तोवर बोर्डापुढे सात-आठ माणसं जमली होती. आता यादी खाली उतरवणं अवघड होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निरोप आला, या मॅडमना पुन्हा पाठवू नका. सरांनी पाठवलं नाही. कामावरून काढलंही नाही. डॉसच्या कमांड नीट येणारी माणसं नगरात तेव्हा फार नव्हती.

डिस्क भरली की आधी कचरा कुठला ते शोधावं. समोरचा नोंदींनाच कचरा म्हणत असेल, तर खुर्ची सोडू नये.