खाली नाव घालावंच लागतं

छापखान्यात रद्दी साचते तसे किस्से साचतात. रद्दी निदान किराणावाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगते.

वाशिमच्या आमच्या छापखान्याचे मालक आबाजी. आमचे हे तिथे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे आणि सातवी झालेली म्हणून मी प्रुफं वाचायची. वाचता वाचता खिळे जुळवायलाही शिकले. माझी कुसुम तेव्हा नऊ वर्षांची. अनसिंगला माझे सासरे, मामंजी, तिच्यासाठी स्थळं पाहत होते. चौदाच्या आत मुलीचं लग्न लावायचं नाही असा कायदा झाला होता, पण तो अनसिंगला बहुतेक पायी निघाला होता. मला झोपेतही वाजंत्री ऐकू यायची. त्यामुळे छापखान्यात कायद्याचं नाव निघालं की माझे कान उभे!

*

एक वैद्यबुवा हँडबिल छापायला आले. 'रडक्या बाळास एक गोळी, आईस दिवसभर शेतात निश्चिंती.' गोळीत अफू होती, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

आबाजी म्हणाले, "खाली माह्या छापखान्याचं नाव येते, तो कायदाच हाये. वरतं तुमचं घाला."

"माह्यं कायले? नुसतं गोळीचं घाला."

मी आतून म्हटलं, "बुवा, लेकराले गोळी द्याले भेत नाई, मंग नाव द्याले काहून भेता?"

*

जत्रेत विकायला एकाने चावट गाण्यांचं पुस्तक आणलं. आबाजींनी त्याला समजावलं, असलं पुस्तक वीस वर्षांच्या आतल्या पोरांना विकलं तर जादा सजा आहे, तसं कलमच निघालंय.

गडी हुशार. "मंग वरतं मोठ्या अक्षरात छापा नं, वीस वर्साच्या आतल्यानं वाचू नये."

"तसं छापलं तं सारे पोट्टेच घ्याले येतीन!"

"म्हनूनच तं म्हनून राह्यलो."

*

एका विडी कारखानदाराला कोरे करारनामे हवे होते. 'मी अमुक, माझा मुलगा तमुक यास कामास लिहून देतो.' उचलीपायी पोरं अशी गहाण घ्यायला सरकारने बंदी केली होती. तरी म्हणे, "कागदच तं हाये."

मी नमुन्याचं प्रुफ त्याच्या हातात ठेवलं. बापाच्या जागी त्याचं नाव, मुलाच्या जागी त्याच्या मुलाचं.

तो लालबुंद. "माह्या पोराचं नाव कायले घातलं?"

"कागदच तं हाये."

*

रिठदचे एक पाटील धाकटीची लग्नपत्रिका घेऊन आले. आबाजी वय विचारल्याशिवाय पत्रिका हातात घेत नसत.

"चौदा," पाटील म्हणाले.

"गेल्या साली मोठीच्या लग्नात ही दहाची होती नं?"

"औंदा पाऊस चांगला झाला."

*

आणि एक दिवस मामंजीच दारात. कुसुमचं ठरवून आले होते.

"लगन हिंगोलीले लावतो. पैनगंगेच्या पल्याड निजामाचं राज्य, तिथं इंग्रजाचा कायदा चालत नाई. पत्रिका तेवढी इथं छापा."

वडील बोलले की ह्यांची मान खाली. आबाजी माझ्याकडे पाहू लागले.

पत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' म्हणून घरातल्या साऱ्या पुरुषांची नावं असतात. आईचं कधीच नसतं. मी पदर सावरला आणि खिळे जुळवायला बसले. ओळ सरळ लागली. प्रुफ मामंजींपुढे ठेवलं. वधूच्या नावापुढे 'वय वर्षे नऊ'. आणि साऱ्या नम्रांच्या खाली, 'वधूच्या आईचे आमंत्रण नाही.'

मामंजींनी कागद उजेडाकडे धरला. "पत्रिकेत आईले कवापासून घालून राह्यले?"

"आजपासून."

"आबाजी, काढा हे."

"काढतो. पन मंग खाली माह्यं नाव घालाची हिंमत नाई. अन् नावाबिगर मी छापत नाई."

मामंजी मुलाकडे वळले. ह्यांची मान खालीच होती. पण बोटं माझ्या ओळीत खिळे घालत होती, 'आणि वडिलांचेही'.

मामंजींनी टोपी उचलली. "पोरगी कुठं हाये? बोलाव तिले."

"शाळेत गेली," मी म्हटलं. "चौदा पुरे झाले की बोलावते."