शांतवन जमादारांचा तपास

शांतवन जमादार माझ्याशी बोलले ते पहिलंच वाक्य असं होतं: "सर, थडग्यावरचा धोंडा कुणी सरकवला?"

मी नुकताच बदली होऊन घाटनांदूरला आलो होतो. टेम्पोतून सामान उतरवणं चाललं होतं. माझ्या एका हातात गॅसची शेगडी होती आणि दुसऱ्या हातात गादीचं टोक. समोर खाकी अर्धी चड्डी, पांढरी बंडी आणि वर वळवलेल्या मिशा अशा थाटात एक उंच, साठी उलटलेले गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे होते. मला वाटलं, गावात कुणाची तरी कबर उकरली गेली असावी आणि संशय नव्या माणसावर आलेला दिसतोय. मी घाबरून म्हणालो, "मला काही माहीत नाही हो. मी आत्ताच आलोय."

"सगळे आरोपी हेच म्हणतेत," ते म्हणाले आणि गादीचं दुसरं टोक धरून माझ्या आधी घरात शिरले.

गादी टेकवल्यावर खुलासा झाला. थडगं येशू ख्रिस्ताचं होतं; क्रुसावर मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचा धोंडा सरकलेला आणि आत प्रेत नाही, असं बायबल सांगतं. नवीन शेजारी इतिहासाचा मास्तर आहे, एवढं त्यांना घरमालकाकडून कळलं होतं आणि तेवढ्यावर मला तपासात ओढायचं त्यांनी ठरवलं होतं. मी सांगून टाकलं की आमचं घर आजोबांपासून बौद्ध आहे आणि मेलेला माणूस उठतो हे मला काही पटायचं नाही. ते खूष झाले. "तुमचे भगवान म्हणाले, तपासल्याबिगर मानू नका. आमचा थोमा, येशूचा शिष्य, तो बी तेच म्हणला, जखमेत बोट घातल्याबिगर मानणार न्हाई. म्हणजे आपण दोघं एकाच खात्यातले!"

आमच्याकडे हेड कॉन्स्टेबलला जमादार म्हणतात. शांतवन साळवे त्या पदावरून निवृत्त झाले होते. नोकरी सचोटीची, पण यश नावाला नाही. त्यांच्या केसमधला प्रत्येक साक्षीदार कोर्टात फितूर व्हायचा. शेळीचोरीची एक केस ते नेहमी सांगत. चोर सापडला, शेळी सापडली, पंचनामा झाला. पण तारखेपर्यंत चोर आणि फिर्यादी यांची सोयरीक जुळली. फिर्यादी कोर्टात उभा राहून म्हणाला, "ही शेळी माझी न्हाईच." आणि बाहेर झाडाला बांधलेली ती शेळी त्याचा आवाज ऐकून जी ओरडायला लागली, ती त्याला बघूनच गप्प झाली. "शेळी तेवढी खरं बोलली," जमादार म्हणत, "पण शेळीचा जबाब घेता येत न्हाई."

अशा माणसानं निवृत्तीनंतर दोन हजार वर्षांपूर्वीची केस हाती घेतली, ती भक्तीपेक्षा कौतुकापोटी. त्यांना भुरळ पडली होती ती साक्षीदारांची. "सर, माझे साक्षीदार एका चहात फुटले. अन् हे येशूचे अकरा शिष्य बघा. आधी पळून गेलते, दारं लावून बसलते. मग अचानक बाहीर येऊन भर चौकात सांगायलेत, आमी त्याला जिता बघितला. मार खाल्ला, तुरुंगात गेले, जीव गेला. एकबी फितूर न्हाई. हे कावून झालं?"

पौलाबद्दल तर ते एखाद्या गाजलेल्या बदलीबद्दल बोलावं तसे बोलत. "विरुद्ध पार्टीचा फौजदार! ह्या लोकांना धरायला निघालेला. अन् वाटंत काय बघितलं तर सरळ ह्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला उभा!" पण त्यांचा हुकमी एक्का होता याकोब, येशूचा भाऊ. "आपल्या जिल्ह्यात सख्खा भाऊ बांधावरचा दगड मान्य करत न्हाई. अन् हा गडी म्हणतो, माझा भाऊ देव हाय. काहीतरी बघितल्याबिगर भाऊ असं बोलंल का, सर? तुमच्या भावाबद्दल तुमी बोलाल का?"

माझा भाऊ डोळ्यांपुढे आला. हा मुद्दा मी त्यांना देऊन टाकला.

त्यांच्या पत्नी रूथबाई या सगळ्याला कंटाळलेल्या होत्या. "तो उठला हे मला लहानपणापासून ठावं हाय," त्या भाकरी थापता थापता म्हणत. "ह्यांनाच सारखं वाटतंय, कुणीतरी वरून फाईल मागवणार हाय."

एकदा होळीनंतर जमादारांच्या डोक्यात आलं की शिष्यांनी प्रेत चोरलं हा आरोप प्रत्यक्ष प्रयोगानं खोडून काढायचा. थडग्यावरचे रोमी पहारेकरी झोपले असताना एवढा धोंडा सरकवून प्रेत नेलं, हे शक्यच नाही असं त्यांचं म्हणणं. गावाबाहेर चुना दळायच्या जुन्या घाण्याचं दगडी चाक पडलेलं होतं, छातीएवढं उंच. पहारेकरी म्हणून त्यांनी गणपतअप्पाला पकडलं. गणपतअप्पा धान्याच्या गोदामावर राखण करायचा आणि झोपेबद्दल त्याची ख्याती होती. शिष्य म्हणून मी, चर्चचे पाळकसाहेब आणि खुद्द जमादार. भर दुपारी गणपतअप्पाला घोंगडीवर निजवलं. "खरंच झोपू का नुसतं डोळे मिटू?" त्यानं विचारलं. "खरंच झोप," जमादार म्हणाले, आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत तो घोरायला लागला.

आम्ही पहारी लावल्या. चाक जागचं हलेना. जमादार विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा! तिघं धट्टेकट्टे माणसं, अन् हलत न्हाई!" त्याच वेळी पाळकसाहेबांची पहार कुठल्याशा फटीत नीट बसली आणि चाक उतारावरून जे सुटलं ते बाभळीचं कुंपण मोडून सोजरबाईच्या मेथीच्या वाफ्यातून थेट जनावरांच्या हौदावर जाऊन आदळलं. हौद फुटला, म्हशी उधळल्या, सोजरबाईनं आम्हा तिघांच्या सात पिढ्या उद्धरल्या. गणपतअप्पा कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

मी जमादारांकडे पाहिलं. ते बराच वेळ मिशी ओढत राहिले. शेवटी म्हणाले, "तुलना चुकली. रोमी शिपाई वेगळा, अन् आपला गणपत वेगळा." पुढचे चार दिवस आम्ही तिघं हौदाला सिमेंट लावत होतो.

यानंतरची घटना मात्र त्यांना फार लागली.

जमादारांना मुतखडा झाला आणि ऑपरेशनसाठी ते रूथबाईंना घेऊन अंबाजोगाईला गेले. ते तिकडेच असताना गणपतअप्पाही आपल्या मेहुण्याला भेटायला अंबाजोगाईला गेला. आलोच आहोत तर जमादारांनाही बघावं, म्हणून त्यानं वॉर्डच्या दारात एका बाईला विचारलं, "साळवे जमादार कुठंत?" ती म्हणाली, "ते गेले की सकाळीच."

गेले म्हणजे सुट्टी होऊन गेले. पण गणपतअप्पा धाय मोकलून रडत गावाकडच्या जीपमध्ये बसला. दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेलं चित्र आणि 'शांतवन जमादार यांचे दुःखद निधन' असं आलं. मी फोन लावला तर बंद. जमादार बॅटरी वाचावी म्हणून फोन नेहमीच बंद ठेवत. आणि ते दोघं तर रूथबाईंच्या बहिणीकडे आराम करायला उतरले होते, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पत्र्याच्या शेडमध्ये शोकसभा भरली. प्रेत अजून कसं आलं नाही, असं मी दोनदा विचारलं. "कागदं व्हायलेत," असं कुणीतरी ठामपणे सांगितलं. एव्हाना गणपतअप्पा म्हणत होता, "चेहरा लई शांत होता." गावचा न्हावी शिवा म्हणाला की डोळे त्यानंच मिटवले. मी भाषणाला उभा राहिलो आणि दुसऱ्याच वाक्याला खरोखर रडायला लागलो.

तेवढ्यात सोजरबाई धापा टाकत आली. "आरं, जमादार स्टँडवर उतरलेत! हाटेलात पाव खायलेत!"

कुणी विश्वास ठेवला नाही. "म्हातारीला धक्का बसलाय," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "पाणी द्या."

पाणी यायच्या आत जमादार दारात उभे राहिले. मागे पिशवी घेऊन रूथबाई. समोर हार घातलेला स्वतःचाच फोटो. क्षणभर सगळं स्तब्ध झालं आणि मग शेड रिकामी व्हायला लागली. दारात जमादार असल्यामुळे माणसं खिडकीतून गेली. गणपतअप्पा बाकाखाली शिरला आणि तिथून म्हणाला, "जमादार, तुमचं माझ्याकडं काय बी देणं न्हाई!"

"आरं, हात लावून बघा!" जमादार ओरडत होते. "भूत पाव खातं का, बे?" शेवटी मीच पुढे होऊन त्यांचा दंड धरला. दंड गरम होता. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

जमादारांना परमानंद झाला होता. "सर! बघितलं का? आधी बाई आली. तिच्यावर तुमी इश्वास ठेवला न्हाई. मग तुमी भ्यालात. शास्त्रात अगदी असंच लिहिलंय! कुणी बनवून लिहिलं असतं तर आपल्याच पुढाऱ्यांना असं भित्रं लिहिलं असतं का?"

मी नुकताच रडलेला होतो आणि आता ते जिवंत होते. त्या आनंदाच्या भरात मी थट्टा करून बसलो. "ते ठीक आहे, जमादार. पण आत्ताच इथं तुमचं प्रेत डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. डोळे मिटवणारासुद्धा होता. मग साक्षीदारांच्या सांगण्याला काय किंमत राहिली?"

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी फोटोवरचा हार काढून घडी घालून खिशात ठेवला आणि ते घरी गेले.

नंतर ते माझ्याकडे यायचेच बंद झाले. तीन-चार दिवसांनी रूथबाई कुंपणापाशी आल्या. "मास्तर, काय बोललात तुमी ह्यांना? जेवना झालेत. पंख्याकडं बघत पडतेत. म्हणतेत, उभ्या जिंदगीत एकच केस टिकली होती."

मी गेलो. खाटेजवळ बसून मी, एक बौद्ध माणूस, येशूच्या पुनरुत्थानाच्या बाजूनं वकिली करायला लागलो. याकोब सांगितला, पौल सांगितला. जमादार पंख्याकडे बघतच म्हणाले, "तुमी भिडंखातर बोलायलात, सर." खरंच होतं ते.

पण माझी वकिली इतकी वाईट होती की बहुतेक त्यानंच त्यांना चीड आली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाकी चड्डी चढवून ते बाहेर पडले आणि ज्यांनी ज्यांनी त्यांचं प्रेत पाहिलं होतं, त्या सगळ्यांचे जबाब घेत गावभर फिरले. दुपारी माझं दार न वाजवताच आत आले. डोळे चमकत होते.

"सगळे फितूर, सर! सगळे! शिवा न्हावी म्हणतो, मी कुठं बघितलं, मला गणपत म्हणला. गणपत म्हणतो, मी नुसतं 'गेले' असं ऐकलं. चापट सोडा, नुसता डोळा वटारला तर फुटले! खोटी साक्ष अशी असती. मग ते अकरा कावून फुटले न्हाईत?"

मला बरं वाटलं, म्हणूनच मी पुन्हा माझ्या मूळ जागी गेलो. म्हणालो, "ते खोटं बोलत नव्हते, एवढं मी मानतो. पण खरं बोलणाऱ्या माणसाचीही चूक होऊ शकते, जमादार. गणपतअप्पा रडला ते काही खोटं नव्हतं."

त्यांनी विचार केला. "हां," ते म्हणाले. "गणपत खरंच रडलाय." मग म्हणाले, "पण मी समोर आल्यावर त्याचं रडणं थांबलं. त्या लोकांचं रडणं काय बघून थांबलं, ते शोधायला पाहिजे. चहा टाका." त्या दिवशी ते आमच्याकडेच जेवले, आणि भाकरी मोजायची नसते हे माझ्या बायकोला कळलं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी दुपारी जाऊन बसायचो. बोलायला त्रास होई म्हणून मीच बोलायचो, शाळेचं, गावाचं, हौद पुन्हा गळायला लागल्याचं. एके दिवशी त्यांनी रूथबाईंना चहाला पाठवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आता खरं सांगा. पटलं का?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एका शब्दाचं काम. मी खिडकीबाहेर बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं.

"नाही, जमादार. नाही पटलं."

ते हसले. मिशी आता खाली उतरली होती, तरी हसले. "बरं केलं. हो म्हणला असता तर तुमचा जबाब बाद केला असता. मरायला टेकलेल्या माणसाच्या दबावाखाली दिलेला जबाब धरत न्हाईत." थोडा वेळ श्वास घेत पडून राहिले. मग म्हणाले, "पण पटावं, असं वाटतं का?"

हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"बाकीच्यांचं माहीत नाही," मी म्हणालो. "तुमच्यापुरतं पटावं, असं फार वाटतं."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. आतून रूथबाईंच्या कपबश्या वाजल्या.

चार दिवसांनी सकाळी मी शाळेत असताना रूथबाईंचा फोन आला. "मास्तर," एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मी वर्गाबाहेर काढलेली चप्पलही पायात न घालता निघालो. वाटेत गणपतअप्पा भेटला. म्हणाला, "कावून पळायलात, सर? काय झालं?"

मला त्याला काहीही सांगता आलं नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, खांद्यावरची घोंगडी तिथंच टाकली आणि माझ्याबरोबर पळायला लागला.