तिची तयारी झाली होती

लातूरला रेल्वेने पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात शेजारची एक नर्स माझ्याकडे फ्रेंच शिकायची. लेखी परीक्षा पास झाली की तिला कॅनडात नोकरीसाठी अर्ज करता येणार होता. टँकरच्या रांगेत घागरीवर वही ठेवून ती व्याकरणाचे नियम घोकायची. "सर, फ्रेंचमध्ये टेबल बाई कसं झालं हो?" म्हणून हसायची, पण लिहिताना विशेषणाच्या स्त्रीलिंगात कधी चुकायची नाही.

परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी मी म्हणालो, "अजून कच्ची आहेस. पुढच्या वर्षी बस."

ते खोटं होतं. ती गेली असती, तर संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणी उरलं नसतं. ती परीक्षेला कधी बसलीच नाही; तिला फ्रेंच जमलं नाही, असं गल्लीत अजून म्हणतात. म्हणून हे लिहितो.

"हाव सर, लई कच्ची हाय मी," एवढंच ती त्या दिवशी म्हणाली आणि वहीचं पहिलं पान उघडून बसली.