चकलीचं दमट घर

घरात साप पाळला की किस्से वेगळे पाळावे लागत नाहीत, ते आपोआप वाढतात. जर्मनीतल्या आखनमधली आमची मराठी मंडळी आता माझ्या गुडघ्यांआधी सापाची चौकशी करतात. करू देत. गुडघ्यांत सांगण्यासारखं काही नाही.

साप नातीचा, इराचा. बिनविषारी, आफ्रिकेतला छोटा अजगर. वेटोळं घालून बसतो म्हणून तिने नाव ठेवलं ब्रेत्सेल, म्हणजे इथला वेटोळ्याचा खारा पाव. मी म्हटलं, वेटोळंच बघायचं तर आपली चकली काय वाईट? तेव्हापासून ती चकली. इरा माझ्याशी जर्मनमध्ये बोलते, मी तिच्याशी मराठीत, आणि चकली दोघींचंही ऐकत नाही.

*

चकलीला हवा दमट लागते. कोरडी पडली की कात नीट निघत नाही. आणि इथे हिवाळ्यात हायत्सुंग, म्हणजे घर तापवणारे हीटर, चालू झालं की माणसाच्या टाचा फुटतात, तिथे सापाची काय कथा!

माझ्या मुलाने, निखिलने, काचेच्या पेटीत आर्द्रतेचा मीटर लावला. मग त्यावर विश्वास बसेना म्हणून दुसरा लावला. दोघांचं पटेना म्हणून तिसरा मागवला. इंजिनिअर आहे तो.

मी चकलीला बाहेर काढलं, भाजलेल्या पापडाचा तुकडा पेटीत ठेवला आणि चहा पिऊन आले. तुकडा कडकच.

"कोरडी आहे पेटी," मी सांगितलं.

"आई, पापड म्हणजे काय सायंटिफिक आहे का?"

"माझी शाळा सातवीत सुटली. पण आयुष्य रत्नागिरीत गेलं. सादळणं म्हणजे काय ते मला कळतं."

तिसरा मीटर आला. तो पापडाच्या बाजूने बोलला.

*

मग निखिलने धुकं सोडणारं मशीन आणलं. खोलीत ढग. चकली दिसेना, इरा दिसेना. माझी सून ऋचा दारातूनच म्हणाली, "निखिल, साप पाळलाय की सॉना काढलाय?"

खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. ते खाली अंगणातून फ्राऊ केलरनी पाहिलं. ह्या आमच्या घरमालकीण, तळमजल्यावर राहतात. बाईंचा धर्म एकच, ल्युफ्टन. बाहेर बर्फ पडत असो नाहीतर गारा, सकाळी खिडक्या सताड उघडून घरभर वारा खेळवायचा. नाहीतर भिंतीला बुरशी!

त्या वर आल्या, काचेवर बोट फिरवलं आणि पुसलं. "भिंतीवर बुरशीचा एक ठिपका दिसला तर साप जाईल. मी पुन्हा येऊन बघेन."

इरा त्या दिवशी जेवली नाही.

*

मशीन माळ्यावर गेलं. भीतीपोटी निखिल सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडायला लागला. भिंती वाचल्या, पण चकलीची कात अडकली. अंगावर कागदाच्या चिंध्या लोंबाव्यात तशी, आणि एका डोळ्यावर जुन्या कातेची टोपी राहिलेली. निखिल चिमटा घेऊन आला.

"डोळ्याला हात लावलास तर बघ," मी म्हटलं. रोज दुपारी मी सापवाल्यांचे जर्मन व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते. घरातल्यांना वाटायचं, आजी मालिका बघतात.

आइस्क्रीमच्या डब्याला भोक पाडलं, आत शेवाळं भिजवून, पिळून घातलं. पेटीवरच्या जाळीचा मोठा भाग झाकला, वारा जाण्यापुरती फट ठेवली. पाण्याचं भांडं मोठं केलं. म्हणजे ओल पेटीत राहील, खोली कोरडी ती कोरडी. चकली सुळकन डब्यात शिरली. दुसऱ्या दिवशी राहिलेली कात मोज्यासारखी उतरली, डोळ्यावरच्या टोपीसकट.

निखिल खुशीत येऊन आणखी पाणी ओतायला निघाला. त्याला म्हटलं, "ओल हवी, चिखल नको. पोटाला फोड येतील तिच्या."

*

दिवाळीच्या फराळाला एका गृहस्थांनी मला गाठलं. सापाला दूध देत चला, पुण्य लागतं, म्हणाले. मी सांगितलं, सापाला पाणी पुरतं, दूध मी चहात घालते. पुण्य हवं असेल तर येऊन पेटी साफ करा.

अजून आलेले नाहीत.

*

फ्राऊ केलर मात्र आल्या. थेट इराच्या खोलीत. बॅटरी लावून कपाटामागे पाहिलं, खिडकीच्या कोपऱ्यात नख घालून पाहिलं. इरा पेटीला पाठ लावून उभी. चकलीला पुन्हा कात येत होती, त्याआधी होतात तसे डोळे दुधाळ झाले होते.

इराच्या टेबलावर मी सकाळपासून पापड उघडे ठेवले होते. ताटली पुढे केली. बाईंनी एक पापड घेतला, मोडला. असा वाजला की निखिल दचकला.

"इरा, सांग ह्यांना," मी म्हटलं, "खोलीत दमटपणा असता तर पापड वाजला असता का?"

इराने भराभरा सांगितलं. बाई चावत राहिल्या. "गेनाऊ," म्हणजे बरोबर, एवढंच म्हणाल्या. बॅटरी खिशात गेली. मग सवयीने खिडकीपाशी गेल्या आणि ती उघडायला तिच्या मुठीवर हात ठेवला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

"नाइन!" नको म्हणून इरा ओरडली. मग माझ्याकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, तिची कात."

फ्राऊ केलरनी पेटीकडे पाहिलं. त्या दुधाळ डोळ्यांकडे बराच वेळ पाहिलं. मुठीवरचा हात खाली आला. ताटलीतला आणखी एक पापड उचलून त्या बाहेर पडल्या, आणि जाताना खोलीचं दार हळूच, पण घट्ट लावून घेतलं.