पाचशे पानांचा आचारी

राजापेठेत माझ्या गणिताच्या क्लासच्या बरोबर खाली 'टस्कनी किचन' आहे. नाव अश्विनने ठेवलं, खुर्च्या त्याच्या बायकोने, संध्याने, निवडल्या आणि स्वयंपाक त्याचे वडील पुंजाजी करतात. तिघांपैकी इटली कुणीच पाहिलेली नाही. पण पायथागोरसला मीही पाहिलेलं नाही आणि वीस वर्षं त्याच्या जिवावर पोट भरते आहे, तेव्हा त्यावरून मी बोलणार नाही. बोलायचं आहे ते जेवणावरून.

इथला पिझ्झा अश्विन करतो. तो कडेला करपतो आणि मधे कच्चा राहतो. या बाबतीत त्याने आजवर एकाही गिऱ्हाइकात भेदभाव केलेला नाही. पास्ता मात्र बेभरवशाचा. रविवारी असा, की शेजारच्या टेबलावरून कुणी पाहत नसेल तर प्लेट चाटावी. मंगळवारी दुपारी तोच पास्ता घशाखाली उतरत नाही. स्वस्त आहे आणि जिना उतरलं की समोर आहे, म्हणून सहा महिने मी चरफडत खात राहिले. मग एकदाचं कारण कळलं.

पुंजाजी मूळचे तिवशाचे. अडतीस वर्षं लग्नातले आचारी. पाचशे पानांचं वरण, आठशे पानांची वांग्याची भाजी. मीठ मुठीने, तिखट ओंजळीने, आणि चव न घेता. गुडघे बोलायला लागले तेव्हा मुलाने त्यांना इथे आणून उभं केलं. गर्दी असली की ते मोठ्या गंजात सॉस करतात आणि हात बरोबर पडतो. दोनच गिऱ्हाइकं असली की पातेलं लहान होतं, मूठ तेवढीच राहते.

"पुंजाजी, साधं त्रैराशिक आहे," मी एकदा वहीत मांडून दाखवलं. "पाचशेंना इतकं, तर दोघांना किती?"

"मॅडम, मीठ वहीत नाई बसत," ते म्हणाले. "हातात बसते. अन् हात काई लहान होत नाई."

मी घरून मापाचे चमचे आणून दिले. त्यांनी ते दोन्ही हातांनी आदराने घेतले आणि खिडकीत ठेवून दिले. माझ्या विद्यार्थ्यांचीही सूत्रांशी हीच वागणूक असते.

मागच्या महिन्यात त्यांची बायको पंचफुलाबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तिवशाहून आल्या. सून म्हणाली, आई, रविवारी हॉटेलात जेवायला चला. तेव्हापासून पुंजाजींचं चित्त ठिकाणावर नव्हतं. मी खोदून विचारलं.

"तिनं माया हातचं कधी खाल्लं नाई, मॅडम."

"अडतीस वर्षांत?"

"लग्नातलं डब्यात नेलं तर हात नाई लावे. म्हणे, दुसऱ्याच्या पंगतीतलं मी कावून खाऊ? मायासाठी रांधा, मंग खाईन. म्या कधी रांधलंच नाई. एकटीसाठी मले जमत नाई, हे तिले कसं सांगू? साऱ्या गावानं वाखाणलेला हात, अन् तिच्याच पुढं फजिती?"

मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. रविवारी एक वाजता क्लासच्या दोन्ही बॅचेस घेऊन येते. गंज चढेल, हात बरोबर पडेल, त्यातली एक प्लेट बाईंपुढे ठेवायची. पुंजाजींना हे पटलं नव्हतं. पण मी समोरच्याला पटेपर्यंत थांबणारी बाई नाही.

रविवारी चाळीस मुलांनी हॉटेल भरून टाकलं. पंचफुलाबाई काळा चष्मा लावून मधल्या टेबलाशी बसल्या, शेजारी मी. पुंजाजींनी स्वतः दोघींच्या प्लेटी आणल्या. पहिल्या घासातच मला कळलं, मामला जमला. पंचफुलाबाईंनी मात्र चमचा उचललाच नाही. चष्म्याआडून त्यांनी सगळ्या टेबलांवर नजर फिरवली.

"हे कोणासाठी रांधलं?"

'तुझ्यासाठी' म्हणा, म्हणून मी भुवया उडवत होते. पुंजाजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"साऱ्यांसाठी," ते म्हणाले.

"मंग साऱ्यांले द्या." आणि त्यांनी आपली प्लेट माझ्यापुढे सरकवली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ती प्लेट मी संपवली, हेही सांगून टाकते. असा पास्ता पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता.

पुंजाजी आत गेले. मदतीला आलेल्या अश्विनला त्यांनी बाहेर काढलं. दारातून मला त्यांचा हात दिसत होता. मूठ मिठात जायची, वर यायची, पातेल्यावर थांबायची. थोडं मीठ पडायचं. मग तो हात पुन्हा बरणीकडे वळायचा, आणि पुन्हा मागे यायचा. एवढ्या भरल्या लग्नघरांत न थरथरलेला माणूस एका प्लेटीपुढे घाबरला होता, आणि ही वेळ त्यांच्यावर मी आणली होती.

वीस मिनिटांनी ते प्लेट घेऊन आले आणि बायकोसमोरच्या खुर्चीवर बसले. कुणी जेवत असताना पुंजाजींना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पंचफुलाबाई जेवू लागल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी धीर करून काट्याच्या टोकावर थोडासा सॉस घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मीठ, तिखट, कच्चा लसूण. नेहमीच्या मंगळवारापेक्षाही वाईट. बाई पाणी पीत होत्या आणि खात होत्या. तिसऱ्या ग्लासाला संध्याला राहवलं नाही.

"आई, नका ना खाऊ. राहू द्या."

"गप बस," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मायासाठी हाय ते."

त्यांनी प्लेट पुसून खाल्ली. पुंजाजींनी हलक्या आवाजात विचारलं, "कसं झालं?"

"खारट झालं. अन् लसूण कच्चा हाय."

पुंजाजींनी मान खाली घातली. पंचफुलाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"उद्या पुन्हा करा," त्या म्हणाल्या. "अजून पाच दिवस आहो मी इथं."

पुंजाजींनी मान वर केली.

"किती वाजता जेवशील?"